एवढा जड नको

"एवढा जड नको भाऊ. उठताना त्यांना..." एवढंच बोलून आई थांबली.

कामठी रोडवरचं मार्बलवाल्याचं दुकान, ऑक्टोबरची दुपार, म्हणजे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही आणि ऊन असं की मानेवर कुणी इस्त्री टेकवून ठेवलीय. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत, एक पावसाळा जाऊ द्यायचा, माती बसू द्यायची, हे आम्हाला त्या दुकानदारानंच जूनमध्ये सांगितलं होतं आणि तेव्हा ॲडव्हान्ससुद्धा घेतला नव्हता. आता त्यानं आमच्यासमोर काळ्या ग्रॅनाइटचे तीन तुकडे मांडले, पाऊण इंची, दीड इंची आणि तीन इंची. भुवयांवर, पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी, गळ्यात पंचा. म्हणाला, तीन इंची घ्या मॅडम, पन्नास वर्षं हलणार नाही, वरून गाय गेली तरी. मला पटलं होतं. पैशाचं पाहू नको, बाबांसाठी चांगलंच घे, असं दादानं पुण्याहून फोनवर दोनदा बजावलं होतं. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात आईनं वाकून त्या जाड तुकड्याच्या कडेखाली बोटं घातली, वजन पाहिलं, आणि ते वाक्य बोलली.

मागे पोरगा ग्रायंडर चालवत होता, त्याला मालकानं हातानंच थांबवलं. एकदम शांत झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे पाहिलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "ठीक है अम्मा, अठरा एमएम में बना देता हूं," आणि पावतीवर लिहायला लागला. आईनं पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. ऑटोत बसल्यावर ती रस्त्यावरचं ऊन पाहत राहिली आणि मी तिच्या पर्सच्या चेनकडे. आई, तू खरंच तसं म्हणालीस का, तुला खरंच तसं वाटतं का, हे विचारायला इंदोऱ्यापासून घरापर्यंतचा सगळा रस्ता होता. विचारलं नाही.

दुसऱ्या कुणाची आई असं बोलली असती तर मी सोडून दिलं असतं. पण माझी आई नर्स होती. मिशन हॉस्पिटलात तीस वर्षं, त्यातली अर्धी तरी नाइट ड्यूटीत. माणूस मेल्यावर शरीराचं काय होतं हे तिला आपल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. जबडा फार लवकर ताठ होतो म्हणून तो आधीच बांधायचा, डोळे मिटून वरून ओला कापूस ठेवायचा, हात सरळ करायचे, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, हे सगळं ती आम्हाला लहानपणी जेवताना सांगायची, जसं दुसऱ्यांच्या आया लोणच्याला मोहरी किती लागते ते सांगतात. मरणाबद्दल तिच्याइतकं साधं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यामुळे ती भोळेपणानं बोलली असेल असं मला स्वतःला समजावता येत नव्हतं. शरीराचं काय होतं हे पूर्ण माहीत असलेली बाई दगडाच्या वजनाची काळजी करत होती.

बाबा घरीच गेले. मे २०२३. डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगून टाकलं होतं की आता घरी न्या, आणि आईनं पुढच्या खोलीचा वॉर्ड करून टाकला होता. खाटेला उशाशी टेकू, स्टुलावर औषधं वेळेच्या क्रमानं लावलेली, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहिलेले ताप आणि लघवीचे आकडे. कूलर रात्रभर घरघरत असायचा, खसच्या ताट्यांचा ओला वास सगळ्या घरात. त्या रात्री मला आईनं उठवलं नाही, मीच उठले, कारण कूलरचा आवाज बंद झाला होता. आई खाटेवर बसलेली, बाबांच्या मनगटावर तिची बोटं, आणि नजर स्वतःच्या घड्याळावर. "तीन दहा," ती म्हणाली. मग उठून कॅलेंडरमागे तेही लिहिलं. परत आली, त्यांचे डोळे मिटले, आणि मिटताना ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मग मला म्हणाली, "गॉज बँडेज आण बेटा, चार इंची." मी आणलं. माझे हात कापत होते, तिचे नाही. सगळं नीट झाल्यावर, चादर छातीपर्यंत घेऊन झाल्यावर, ती खाली जमिनीवर बसली, खाटेच्या पायाला टेकून, आणि तेव्हा रडली. असं रडली की शेजारच्या घरातला लाइट लागला.

शेजारच्या काकू बौद्ध. त्या सगळ्यात आधी आल्या, चहाचा थर्मास घेऊन, केस तसेच सुटलेले. आईजवळ बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला. बराच वेळ काहीच नाही बोलल्या, मग म्हणाल्या, "सगळं अनित्य आहे बाई." आईनं मान हलवली. त्यांचं उत्तर वेगळं, आमचं ख्रिस्ती लोकांचं वेगळं, पण त्या पहाटे त्यांचा हात होता म्हणून आई सकाळपर्यंत बसू शकली, हे मी विसरणार नाही.

मग दिवस उजाडला आणि मंडळी यायला लागली. फ्रीजर बॉक्स आला, त्याची वायर खिडकीतून घेतली. नागपूरच्या मे महिन्यात त्याशिवाय इलाज नसतो, त्यात दादाची पुण्याहून येणारी गाडी दुपारपर्यंत पोचायची होती. बायका सतरंजीवर बसून गायला लागल्या. आमच्याकडे मयताच्या घरी गातात, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना विचित्र वाटतं, माझ्या ऑफिसच्या मैत्रिणी दाराशी उभ्या राहून बावरल्यासारख्या पाहत होत्या. पेटी कुणीतरी चर्चमधून उचलून आणलेली, तिचा एक सूर अडकत होता. आधी आवाज फुटत नाहीत, कुणीतरी मधेच हुंदका देतं, ओळ तुटते, दुसरं कुणी ती उचलतं. तिसऱ्या चौथ्या गीताला मात्र आवाज लागतात. मला ते गाणं तेव्हा सहन होत नव्हतं. आत जाऊन मी बाथरूमचा नळ सोडून ठेवला, ऐकू येऊ नये म्हणून. आणि तरी दुपारी दादा आला, त्यानं बॉक्सवर डोकं टेकलं तेव्हा मी त्याच बायकांमध्ये जाऊन बसले, आणि बाबांच्या आवडीचं गीत सुरू झालं तेव्हा माझ्याही तोंडातून शब्द बाहेर पडले, न ठरवता. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, ते तुमची परवानगी मागत नाहीत.

कबरस्तान जरीपटक्याला. तिथं एक गोष्ट झाली, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्याच सकाळी दादाचा मित्र कबर खणायचं पाहायला गेला होता आणि तिथून त्याचा फोन आला. खणणारा विचारून राहिलाय, सिंगल का डबल? मला कळलंच नाही. त्यानं चाचरत सांगितलं की आता जागा कमी पडते, तर नवराबायकोसाठी एकच कबर जास्त खोल खणून ठेवतात, एक खाली, एक नंतर वर. कमिटीला आताच सांगावं लागतं. मी फोन हातात धरून उभी. कुणाला विचारणार होते मी हे? तेवढ्यात आईच म्हणाली, "काय म्हणून राहिला तो?" मी काहीतरी सारवासारव केली, पण तिनं फोन घेतला, ऐकलं, आणि म्हणाली, "डबल." सतरंजीवर परत जाऊन बसली, पदर सारखा केला. मे महिन्यातली जमीन म्हणजे दगड. वर काळी माती तडकलेली, खाली मुरूम, सबलीचा घाव पडला की ठिणगी उडते. त्या माणसांना त्या दिवशी दुप्पट घाम गाळावा लागला. संध्याकाळी साडेपाचला आम्ही पोचलो तेव्हा ते बाजूच्या कडुनिंबाखाली बसून पाणी पीत होते आणि आम्हाला पाहून उभे राहिले, डोक्याचं फडकं काढून.

तीन मुठी माती. मातीस माती. पहिली मूठ शवपेटीवर पडते तो आवाज. मुरमाचे खडे होते त्यात, लाकडावर वाजले. मला वाटलं बाबांना लागेल.

त्यानंतरचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. लोक चांगले असतात, मनापासून येतात, डबे आणतात, वांग्याची भाजी, भाकरी, कुणी वरणफळं. पण कित्येकजण दारातून आत येताच म्हणतात, प्रभूची इच्छा. चप्पल काढायच्या आत. रडू नका, ते प्रभूजवळ आहेत. चांगल्या ठिकाणी गेलेत. मला इतका राग यायचा. राग त्या विश्वासाचा नव्हता, माझाही तोच आहे, लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेला, मोठेपणी दोनतीनदा हातातून सुटून परत धरलेला. राग घाईचा होता. जणू दुःख म्हणजे सांडलेलं पाणी आहे आणि पाहुण्यांच्या पायाला लागायच्या आत पुसून टाकायचंय. बायबलात पौलानं तर मरणाला शत्रू म्हटलंय, शेवटला शत्रू. तो शत्रू घरात येऊन गेला आणि तुम्ही मला सांगता रडू नका.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तिसऱ्या दिवशी आले. वयस्कर आहेत, बाबांपेक्षा दोनेक वर्षांनी लहान. खुर्ची दिली तर खालीच बसले. पवित्र शास्त्र उघडलं आणि योहानाच्या शुभवर्तमानातला लाजराचा भाग वाचायला लागले. मला वाटलं, आता नेहमीचं, पुनरुत्थान आणि जीवन, माझं पाठ आहे. ते सावकाश वाचत गेले. लाजर आजारी आहे असा निरोप येतो, आणि येशू दोन दिवस तिथंच थांबतो, लगेच निघत नाही. पोचतो तेव्हा चार दिवस झालेले. मार्था रस्त्यात गाठून तोंडावर बोलते की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि मग मरीया येते आणि तेच बोलते. दोन्ही बहिणींचं एकच गाऱ्हाणं. मग ते त्या सगळ्यात छोट्या वचनापर्यंत आले, येशू रडला, आणि त्यांनी शास्त्र मिटवलं. "आज इथंच थांबू," म्हणाले. पुढचं सगळ्यांना माहीत होतं, कबरीवरची धोंड काढायला लावतो, हाक मारतो, लाजर जिवंत बाहेर येतो. पण त्यांनी ते वाचलं नाही. चहा घेतला, बाबांच्या फोटोकडे थोडा वेळ पाहिलं, गेले.

त्यावर मी महिनाभर तरी विचार करत होते. पाच मिनिटांत काय होणार आहे हे ज्याला माहीत आहे तो का रडतो? आपण उठवणार आहोत हे ठाऊक असलेला माणूस कबरीसमोर उभा राहून रडतो, आणि तिथले लोक म्हणतात, पाहा याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. म्हणजे आशा असली की रडायचं नसतं हे कुणी ठरवलं? उलट मला आता असं वाटतं की ज्याला परत भेट होणार हे पक्कं ठाऊक आहे तोच इतकं मोकळं रडू शकतो, कारण त्या रडण्यात बुडून जायची भीती त्याला नसते. आई खाटेच्या पायाला टेकून जशी रडली तसं. मी नळ सोडून रडत होते. फरक तिथं होता.

बाबा रेल्वेत होते, अजनीला. गोष्टी सांगायची त्यांना फार हौस आणि त्यांच्या सगळ्या गोष्टींत कुठं ना कुठं रेल्वे यायचीच. कवी नारायण वामन टिळक नागपुरात राहायचे, आणि इथून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या, त्यानं उतरताना हातात बायबलचा नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, हे बाबा असं सांगायचे की जणू त्या डब्याचं तिकीट यांनीच तपासलं होतं. "आपल्या लाइनवर झालं हे, आपल्या लाइनवर!" दुसरी गोष्ट २९ नोव्हेंबर १९७० ची. सहा वेगवेगळी चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला. बाबा तेव्हा २३ वर्षांचे, बाहेरून आलेल्यांना पाणी द्यायच्या कामावर. प्रत्येक नोव्हेंबरात ती बादली आणि तो पेला आमच्या घरी परत यायचा.

आणि तिसरी गोष्ट हिस्लॉप साहेबांची. मी हिस्लॉप कॉलेजात शिकले, ते नाव तीन वर्षं रोज तोंडात होतं, पण तो माणूस कसा गेला हे मला बाबांनी सांगितलं. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडहून १८४५ च्या सुमारास इथं आलेला मिशनरी, शाळा काढल्या, आणि दगडांचं वेड. या भागातले खडक, जीवाश्म, आणि जमिनीवर गोल मांडलेल्या जुन्या शिळा, त्या तो शोधत फिरायचा. त्या शिळांची वर्तुळं म्हणजे फार जुन्या लोकांच्या कबरी. ४ सप्टेंबर १८६३ ला बुटीबोरीकडच्या टाकळघाटला अशीच वर्तुळं पाहून, तिथली शाळा तपासून, तो रात्री घोड्यावर एकटाच बोरीला परत निघाला. नाल्याला पूर आलेला. घोडा रिकामाच परत आला. वय ४५. बाबा इथं नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, घोडा आला गं, घोडा आला. लहानपणी मला त्या रिकाम्या खोगिराचीच भीती वाटायची.

बाबा गेल्यावर त्या डिसेंबरात मी माझ्या मुलाला घेऊन काटोल रोडवरच्या जुनापाणीला गेले. त्याच्या शाळेचा प्रोजेक्ट होता, पण खरं तर मलाच जायचं होतं. तिथंही तशीच शिळावर्तुळं आहेत, शंभराच्या वर, गवतात, पळसाच्या झुडपांत. मोठाले काळे दगड, कमरेच्या खाली, गोल मांडलेले, मधे मातीचा उंचवटा. अडीच हजार वर्षांहून जुने म्हणतात. विदर्भातल्या अशा जागा खणल्या तेव्हा आत लोखंडाची हत्यारं, मडकी निघाली, आणि माहुरझरीला तर घोड्याचा तांब्याचा साज निघाला. मुलगा दगड मोजत पळत होता आणि मी एका वर्तुळाच्या मधे उभी होते. हे दगड कुणी ओढत आणले असतील, किती माणसं लागली असतील, किती दिवस. मेलेल्या माणसासाठी एवढं कुणी का करतं? सोबत भांडं दिलं, म्हणजे त्याला तहान लागेल असं वाटलं असणार. घोडा दिला, म्हणजे कुठंतरी जायचंय असं वाटलं असणार. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, शास्त्र नव्हतं, रविवारची शाळा नव्हती, तरी ही गोष्ट इथं संपते हे त्यांच्या मनाला पटलेलं नाही. एका दगडावर हात ठेवला, डिसेंबरच्या उन्हानं एका बाजूनं कोमट, दुसऱ्या बाजूनं गार. आईची बोटं आठवली, ग्रॅनाइटच्या कडेखाली गेलेली.

मी पुस्तकी माणूस नाही, पण त्या हिवाळ्यात शुभवर्तमानांतली शेवटची पानं पुन्हा पुन्हा वाचली. लहानपणापासून ईस्टर म्हणजे उजेड, देवदूत, लिलीची फुलं छापलेली कार्डं. पण मार्कात काय आहे पाहा. तीन बाया भल्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्यात. येशूच्या मढ्याला लावायला. कुणी उठलं असेल असं त्यांच्या डोक्यातही नाही, त्या आपल्या कामाला निघाल्यात, आईसारख्या, गॉज बँडेज घेऊन. आणि वाटेत त्यांचं बोलणं काय चाललंय? की ती धोंड कोण लोटून देईल आपल्याला. बस. फार मोठी धोंड आहे, आपल्याच्यानं हलणार नाही, कोण हलवेल. आणि हे माहीत असूनही त्या निघाल्यात, घरी बसल्या नाहीत. मला ते वाचून इतकं आपलं वाटलं. विश्वास म्हणजे सगळं कळलेलं असणं असं मी समजत होते, आणि या बायांना काहीच कळलेलं नाही, फक्त धोंडेच्या वजनाची काळजी आहे, आणि पाय चालत आहेत.

म्हणजे दगडाच्या वजनाची काळजी करणारी माझी आई पहिली नव्हती.

२०२४ चा ईस्टर ३१ मार्चला होता. आमच्याकडे पहाटेची उपासना कबरस्तानात होते. चार वाजता उठलो, आईनं तिची पांढरी साडी नेसली, एका पिशवीत मेणबत्त्या, झेंडू, प्लास्टिकचा मग, आणि बाबांचं जुनं बनियन, धुऊन घडी घातलेलं. मी म्हटलं हे कशाला, म्हणाली, पुसायला, याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही घरात. मार्चच्या शेवटी नागपूरची पहाट तेवढी एक तास चांगली असते, हवेत गारवा, कडुनिंबाच्या मोहोराचा कडूगोड वास. अंधारात माणसं फाटकातून आत येत होती, आपापल्या कबरी शोधत, मोबाइलच्या उजेडात नावं वाचत. सलाम, सलाम, असे हळू आवाज. मेणबत्त्या लागत गेल्या तसं कबरस्तान कुणाच्या तरी अंगणासारखं दिसायला लागलं. लहान पोरं दुसऱ्यांच्या आजोबांच्या ओट्यावर बसून बिस्किटं खात होती आणि कुणी रागावत नव्हतं. पेटी तीच, सूर तोच अडकलेला. पूर्वेकडे उजळायला लागलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे, आणि सगळे म्हणाले, खरोखर उठला आहे. मी दरवर्षी म्हणत आले आहे. त्या वर्षी बाबांच्या दगडाजवळ उभी राहून म्हणताना आवाज घशात अडकला, पण म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मोठ्यानं म्हटलं.

उपासना संपल्यावर लोक चहाकडे गेले. आई दगडाजवळ खाली बसली. तेव्हा मी विचारलं, अखेर. आई, त्या दुकानात तू म्हणालीस ना, उठताना त्यांना. तू खरंच तसं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मगमधलं पाणी बनियनवर ओतत होती. "तीस वर्षं मी लोकांचे डोळे मिटवले बेटा," ती म्हणाली. "कोणाकोणाचे. लेकरांचेसुद्धा. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांचेसुद्धा. दरवेळी मिटवताना एकच म्हणायची मी. झोप बाबा, सकाळी उठवतील. हिंदू असो, मुसलमान असो, कुणी असो, तेवढं म्हटल्याशिवाय हात नाही उचलला. आता आपल्या माणसाच्या वेळी शब्द फिरवू का मी?"

मग तिनं नाव पुसायला सुरुवात केली. अक्षरांत धूळ बसते, सोनेरी रंगात, काना मात्रा वेलांटीच्या आत, तिथं तिनं करंगळीला कापड गुंडाळून एकेक अक्षर काढलं. जन्म १९४७. प्रभूमध्ये निजले २०२३. दगडाची उजवी अर्धी बाजू कोरी आहे. ती तशी ठेवायला तिनंच सांगितलं होतं, मला दगड बसवायच्या दिवशी कळलं, आणि त्या दिवशी मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते. डावी बाजू झाल्यावर तिनं कापड पिळलं, पुन्हा भिजवलं, आणि कोरी बाजूही तितक्याच सावकाश पुसली, कोपऱ्यापर्यंत.

"पाणी टाक इकडून," म्हणाली.

मी पायथ्याच्या कोपऱ्याशी बसून मगनं पाणी टाकलं. काळी माती मार्चमध्येच तडकायला लागते, तिथं दगडाच्या कडेखाली बोट जाईल एवढी भेग पडली होती. पाणी त्यात शिरून दिसेनासं झालं. मी हात टेकला तर दगड हलला. अगदी थोडा, एका बाजूला खाली, मग परत वर. टक्क असा आवाज आला. मी घाबरून हात काढला, म्हटलं आई, हा डगडगतोय, त्या मार्बलवाल्याला फोन करते, सिमेंट टाकून पक्का करून देईल.

आईनं तळहात ठेवून पाहिलं. दगड तिच्या हाताखालीही हलला, टक्क.

"राहू दे," ती म्हणाली, आणि बनियन झटकून वाळायला कोऱ्या बाजूवर पसरलं.